जॉन ॲडम्स: वकीलपत्रापासून बंडापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दिवाणी बाजूला वकिली करतो. बाररूममध्ये दुपारच्या चहाला गांधी, टिळक, आंबेडकर यांच्या वकिलीवर गप्पा रंगल्या की कधीतरी मी जॉन ॲडम्सचं नाव काढतो, आणि ज्युनिअर मंडळी प्रश्न विचारत सुटतात. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत वकिलाचा चष्मा आहे, हे आधीच कबूल.

कुठला ॲडम्स? चहाच्या पेट्या फेकणाऱ्यांचा पुढारी तोच का?

तो सॅम्युअल ॲडम्स, जॉनचा चुलत-चुलतभाऊ आणि वयानं तेरा वर्षांनी मोठा. सॅम्युअल सभा, मोर्चे, गुप्त बैठकांतला माणूस. जॉन कोर्टातला. आणखी एक ॲडम्स आहे: जॉनचा मुलगा जॉन क्विन्सी. बाप अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष आणि मुलगा सहावा. इथे फक्त बापाबद्दल, आणि त्यातही मुख्यतः 1758 ते 1783 या पंचवीस वर्षांबद्दल.

घर वकिलांचं होतं का?

छे! जन्म 30 ऑक्टोबर 1735, बॉस्टनच्या दक्षिणेला ब्रेन्ट्री गावात. आज त्या भागाला क्विन्सी म्हणतात. वडील शेतकरी, हिवाळ्यात चामड्याचं काम करून बूट शिवणारे, गावच्या चर्चमध्ये आणि गावकीत मान असलेले. पोरानं पाद्री व्हावं ही त्यांची इच्छा आणि त्यासाठीच त्याला हार्वर्डला धाडलं. तिथे मुलांची नावं त्या काळी गुणांनुसार लावत नसत, घराण्याची पत पाहून लावत. शेतकऱ्याचा जॉन यादीत कुठेतरी मध्यावर.

1755 साली पदवी घेऊन तो वूस्टर गावी शाळामास्तर झाला. पाद्र्यांमधले धर्मवाद पाहून त्याचं मन त्या वाटेवरून उडालं होतं. पुढच्याच वर्षी त्यानं गावातल्या जेम्स पटनम नावाच्या वकिलाकडे उमेदवारी धरली. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कायद्याची पुस्तकं वाचायची, असं दोन वर्षं.

लॉ कॉलेज नव्हतं?

नव्हतं. सिनिअरच्या ऑफिसात बसायचं, त्याची पुस्तकं वाचायची, त्याचे कागद नकलायचे. मग एखाद्या नामांकित वकिलानं कोर्टापुढे शिफारस केली की सनद. ॲडम्सची शिफारस जेरेमाया ग्रिडली या बॉस्टनच्या मातब्बर वकिलानं केली. त्यानं पोराला बजावलं की कायद्याच्या कमाईपेक्षा कायद्याच्या अभ्यासाच्या मागे लाग, आणि लग्नाची घाई करू नकोस. दुसरा सल्ला मी माझ्या ज्युनिअर्सना देत नाही, त्यांच्या आया मला घरी येऊन बोलतील.

पहिलाच खटला तो हरला म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि हा माझा आवडता किस्सा. ब्रेन्ट्रीत ल्यूक लॅम्बर्टचे दोन घोडे जोसेफ फील्डच्या शेतात घुसून नासधूस करून गेले. फील्डनं ते अडकवून ठेवले, तर लॅम्बर्ट नुकसानभरपाई न देताच घेऊन गेला. आपल्याकडे कोंडवाड्यावरून गावागावांत अशी भांडणं होतात, अगदी तेच. फील्ड आला ॲडम्सकडे. पोरसवदा वकिलानं मोठ्या हौसेनं समन्सचा मसुदा लिहिला आणि गावच्या शिपायांना उद्देशून असलेल्या मजकुरात काउंटीचा उल्लेखच राहून गेला. तेवढ्यावर दावा उडाला. घोडे, शेत, नुकसान, कशाचाच विचार करायची वेळ आली नाही.

गावभर हसं होणार या धास्तीनं ॲडम्सची झोप उडाली. डायरीत त्यानं राग काढला तो पटनमवर: दोन वर्षं पुस्तकं वाचायला लावली, पण दावा कसा मांडायचा हे हाताला धरून कधी दाखवलं नाही! माझ्या पहिल्या दाव्यात मी गट नंबर चुकवला होता, तेव्हा हे पान मला फार जवळचं वाटतं. कागदावरच्या एका शब्दानं काय होतं हे त्या दिवशी त्याला कळलं ते कायमचं. पुढे त्यानं जे जे लिहिलं त्यात शब्दाबद्दलची ही भीती दिसते.

मग राजकारणाकडे वळला कधी?

तो स्वतः बोट ठेवतो ते फेब्रुवारी 1761 वर. पानिपतावर आपली लाख बांगडी फुटली त्याच्या पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या टाउन हाउसमध्ये एक सुनावणी झाली. जकात अधिकाऱ्यांना कुणाच्याही घरात, गोदामात, कधीही घुसून चोरटा माल शोधायची मोघम परवानगी देणारे हुकूम असत. झडतीचं वॉरंटच, पण त्यावर घर नाही, माल नाही, नाव नाही. व्यापाऱ्यांच्या बाजूनं जेम्स ओटिस उभा राहिला. सरकारी वकिलाचं पद सोडून, फी न घेता. सरकारतर्फे कोण, तर आपल्या ॲडम्सचा शिफारसदार ग्रिडली!

पंचवीस वर्षांचा ॲडम्स टिपणं घेत बसला होता. ओटिस तासन् तास बोलला. निकाल शेवटी सरकारच्या बाजूनं लागला. पण म्हातारपणी ॲडम्सनं लिहिलं की स्वातंत्र्य नावाचं मूल जन्माला आलं ते तिथे आणि त्या वेळी. ॲडम्सला म्हातारपणी जरा रंगवून सांगायची सवय होती, तेव्हा वाक्य थोडं मीठ लावूनच घ्यावं. पण अठरा वर्षांनी त्यानं स्वतः घटनेचा मसुदा केला तेव्हा अशा मोघम झडतीला मनाई करणारं कलम घातलं, हे मात्र कागदावर आहे.

स्टॅम्प ॲक्टमध्ये एवढं रागवण्यासारखं काय होतं? मुद्रांक तर आपणही भरतो.

भरतो, आणि कुरकुरतोही. फरक असा की ब्रिटिश पार्लमेंटमध्ये अमेरिकेतल्या या इंग्रज वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता आणि तिनं 1765 साली दावे, दस्त, परवाने, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या जोडावरही मुद्रांक लादला. लोकांनी मुद्रांकित कागद विकूच दिला नाही. कागद नाही म्हणून कोर्टं बंद. तिशीतल्या, नुकता जम बसू लागलेल्या वकिलाचं उत्पन्नच थांबलं. डायरीत तो चरफडतो: आत्ता कुठे गाडी रुळावर येत होती!

पण रिकामा वेळ त्यानं कारणी लावला. ब्रेन्ट्रीच्या गावसभेसाठी त्यानं प्रतिनिधीला द्यायच्या सूचनांचा मसुदा लिहिला. आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर नाही, आणि या कायद्याखालचे खटले ज्युरी नसलेल्या आरमारी कोर्टात चालवणं हा तर आणखी मोठा अन्याय. चाळीसहून अधिक गावांनी तोच मजकूर आपापल्या नावानं मंजूर केला. कोर्टं उघडावीत म्हणून गव्हर्नरपुढे युक्तिवाद करायला बॉस्टननं तिघांना निवडलं: ग्रिडली, ओटिस आणि हा. सात वर्षांपूर्वीचा तो घोड्यांच्या दाव्यातला वकील. 1766 च्या मार्चमध्ये कायदा मागे घेतला गेला.

सरकारनं त्याला आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला का?

केला. 1768 साली आरमारी कोर्टात सरकारी वकिलाचं पद देऊ केलं, तेही जोनाथन सूअल या त्याच्या जिवलग मित्राच्या तोंडून. ॲडम्सनं नाही म्हटलं. त्याच काळात तो जॉन हॅन्कॉक या धनाढ्य व्यापाऱ्याची, मदेरा बेटावरची वाइन चोरून उतरवल्याच्या आरोपातून सुटका करत होता. 1769 मध्ये खलाशांची एक केस त्यानं घेतली. जबरदस्तीनं आरमारात भरती करायला आलेल्या इंग्रज लेफ्टनंटला त्यांनी हार्पूननं, म्हणजे देवमासा मारायच्या भाल्यानं, मारलं होतं. स्वसंरक्षण मान्य होऊन ते सुटले.

आणि तरीही त्यानं इंग्रज सैनिकांचं वकीलपत्र घेतलं? हे कसं?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सावकाश.

5 मार्च 1770 ची रात्र, जमिनीवर बर्फ. ॲडम्स मित्रांच्या बैठकीत होता. घंटा वाजू लागल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं कुठे आग लागली. बाहेर धावले तर कळलं की सैनिकांनी गोळीबार केला. ॲडम्स घराकडे निघाला, कारण बायको ॲबिगेल एकटी होती, पोटुशी होती, आणि महिन्यापूर्वीच त्यांची तान्ही सुझॅना गेली होती. त्या गोळीबारात पाच जण मेले. त्यात क्रिस्पस ॲटक्स हा काळा खलाशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात एक व्यापारी डोळे पुसत आला. कॅप्टन टॉमस प्रेस्टन तुरुंगात आहे, त्याला वकील हवा, कुणी उभं राहायला तयार नाही. जोसाया क्विन्सी हा तरुण वकील म्हणतो, ॲडम्स असेल तर मी येतो. ॲडम्सचं उत्तर थोडक्यात असं: स्वतंत्र देशात आरोपीला ज्याची टंचाई कधी पडू नये ती गोष्ट म्हणजे वकील. आगाऊ म्हणून एक गिनी घेतली. सगळे खटले संपेपर्यंत त्याच्या हिशेबानं मिळाल्या जेमतेम अठरा-एकोणीस गिनी. गंमत पाहा, जोसायाचा सख्खा भाऊ सॅम्युअल क्विन्सी समोर सरकारी वकील होता.

आता वकिली डाव. कॅप्टनचा खटला वेगळा आणि आठ सैनिकांचा वेगळा. सैनिकांनी अर्ज केला की आम्हाला कॅप्टनबरोबरच उभं करा, आम्ही फक्त हुकूम पाळला. त्यांची शंका बरोबर होती: कॅप्टनचा बचाव होता ‘मी हुकूम दिलाच नाही’, म्हणजे तो सुटला की बला यांच्या डोक्यावर. अर्ज नामंजूर झाला. आजच्या नियमानं दोन्ही बाजूंचं वकीलपत्र एकाच वकिलाला घेता आलं असतं का, यावर बाररूममध्ये एकमत होत नाही. मला विचाराल तर नाही.

प्रेस्टनचा खटला ऑक्टोबरच्या अखेरीस चालला. एका दिवसात न आटोपता लांबलेले फौजदारी खटले तिथे कुणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे ज्युरीला कोर्टाच्या ताब्यात मुक्काम करायला लावावा लागला. अंधार, गोंधळ, ‘फायर’ हा शब्द जमावही चिथावण्यासाठी ओरडत होता. हुकूम कुणाचा ते सिद्ध होईना. प्रेस्टन सुटला.

सैनिकांच्या खटल्यात ॲडम्सनं मुद्दा बदलला: इथे प्रश्न हुकमाचा नाही, जिवावर बेतलं होतं का हा आहे. बर्फाचे गोळे, शिंपले, दांडकी घेऊन अंगावर आलेल्या जमावाची एकेका साक्षीदाराकडून त्यानं मांडणी केली. त्यातला सगळ्यात जड पुरावा मेलेल्या माणसाचा होता. जखमी पॅट्रिक कार मरण्याआधी डॉक्टरला सांगून गेला होता की सैनिकांनी फार सहन केलं, गोळी झाडली ती स्वतःला वाचवायला, आणि मला मारणाऱ्यावर माझा राग नाही. आपण ज्याला मृत्युपूर्व जबाब म्हणतो तो हा. मग ॲडम्सचं ते गाजलेलं वाक्य: वस्तुस्थिती हट्टी असते, आपल्या इच्छा, कल, भावनांचे उमाळे काहीही असोत, पुरावा त्यानं बदलत नाही. सहा सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत झाला, पण एका जुन्या इंग्रजी सवलतीचा आधार घेऊन फाशीऐवजी अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं.

एक गोष्ट मात्र भक्त मंडळी गाळतात. जमावाचं वर्णन करताना ॲडम्सनं ‘उद्धट पोरं, निग्रो, मुलॅटो (मिश्रवंशी), आयरिश टगे, परदेशी खलाशी’ अशी यादी केली आणि ॲटक्सच्या नुसत्या रूपानंही माणूस घाबरावा असं सुचवलं. शहरातली सभ्य माणसं यात नव्हती, असं ज्युरीला सोयीचं वाटेल ते सांगितलं. ज्युरीवर बॉस्टनचा एकही माणूस नव्हता. चांगल्या तत्त्वासाठी लढताना त्यानं वापरलेलं हे हत्यार चांगलं नव्हतं.

लोकांनी त्याला वाळीत टाकलं असेल ना?

शिव्या खाल्ल्या, काही अशील गेले. पण खटले उभे राहण्याच्या आधीच, वकीलपत्र घेतल्याचं जगजाहीर असताना, जून 1770 मध्ये बॉस्टननं त्याला विधानसभेवर निवडून दिलं, 536 पैकी 418 मतांनी. तीन वर्षांनी डायरीत त्यानं लिहिलं की आयुष्यात देशाची जी सेवा केली त्यातल्या सर्वोत्तम कामांपैकी हे एक.

बॉस्टन टी पार्टीत तो होता?

नव्हता. 16 डिसेंबर 1773 ला तीन जहाजांवरून तीनशे चाळीसच्या आसपास पेट्या समुद्रात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ॲडम्सनं डायरीत त्या कृत्याच्या भव्यतेचं कौतुक केलं. मालमत्तेचं नुकसान म्हणून नाक मुरडणारा वकील इथे विरघळला.

आपल्याकडे यावर एक ठरलेला गैरसमज आहे: तो चहा आसामचा होता. तो चीनचा होता. आसामात चहाची लागवड पुढच्या शतकातली. आपला संबंध वेगळ्या वाटेनं येतो. बंगालचा महसूल हाती येऊनही ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली होती, गोदामात चहा पडून होता, तो अमेरिकेत खपवायला पार्लमेंटनं तिला सवलत दिली. कंपनीच्या तोट्याचं बिल बॉस्टनकरांनी भरायचं नाकारलं, एवढंच.

त्याचा तो मित्र, सूअल, पुढे काय झालं त्याचं?

1774 च्या जुलैमध्ये दोघं कामानिमित्त फालमथला, म्हणजे आजच्या मेन राज्यातल्या पोर्टलंडला, होते. सकाळी टेकडीवर फिरायला गेले. सूअल म्हणाला, फिलाडेल्फियात भरणाऱ्या, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसला जाऊ नकोस, ब्रिटनची ताकद तुला चिरडेल. ॲडम्स म्हणाला, तरू वा बुडू, जगू वा मरू, माझा देश जिथे तिथे मी. तिथेच निरोप घेतला. सूअल राजनिष्ठ राहिला, इंग्लंडला गेला, त्याची मालमत्ता जप्त झाली. तेरा वर्षांनी ॲडम्स लंडनमध्ये वकील होता, या वेळी अमेरिका देशाचा. तो सूअलच्या घरी गेला, दोन्ही हातांत त्याचा हात धरला आणि दोन तास बसून दोघं जुन्या गोष्टी बोलले. त्या क्रांतीत अशी घरं आणि मैत्र्या किती मोडल्या याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

फिलाडेल्फियात त्यानं नेमकं काय केलं?

समित्या. सुमारे नव्वद समित्यांवर तो होता, लष्करी मंडळाचा अध्यक्ष होता, पहाटेपासून रात्रीपर्यंत कागद. ॲबिगेलला त्यानं लिहिलं की इथे ‘तीन आणि दोन पाच’ असा ठराव जरी आला तरी तर्क, इतिहास, कायदा आणि गणित यांच्या आधारे दोन दिवस चर्चा होईल आणि मग तो एकमतानं मंजूर होईल. हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गेलेल्या कुणालाही हे पटेल.

जून 1775 मध्ये सेनापतीच्या नेमणुकीचा प्रश्न आला. लढाई मॅसॅच्युसेट्समध्ये पेटलेली, सैन्य तिथलं, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या हॅन्कॉकला आपलं नाव येणार अशी आशा. ॲडम्सनं व्हर्जिनियाच्या वॉशिंग्टनचं नाव घेतलं. हॅन्कॉकचा चेहरा कसा पडला हे त्यानं पुढे लिहून ठेवलंय. उत्तरेचं भांडण दक्षिणेचं झालं ते या एका नावानं.

तोंडाला कुलूप मात्र कधीच नव्हतं. समेटाचा आग्रह धरणाऱ्या डिकिन्सनबद्दल त्यानं खासगी पत्रात तुच्छतेनं लिहिलं, पत्र इंग्रजांच्या हाती लागलं आणि छापून आलं. नंतर डिकिन्सन रस्त्यात समोरून आला. ॲडम्सनं हॅट काढून लवून नमस्कार केला, तो न बघता निघून गेला.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा तर जेफरसनचा. ॲडम्सचं श्रेय काय?

मसुदा जेफरसनचा, वकीलपत्र ॲडम्सचं. पाच जणांच्या समितीत दोघंही होते. तू लिही, कारण तू व्हर्जिनियाचा, मी लोकांना नकोसा झालेला, आणि तू माझ्यापेक्षा दसपट चांगलं लिहितोस, असं आपण सांगितल्याचं ॲडम्स म्हातारपणी म्हणाला. जेफरसनला असं काही घडलेलं आठवत नव्हतं. वाद नसलेली गोष्ट ही की 1 जुलै 1776 ला डिकिन्सनच्या विरोधाला उत्तर द्यायला ॲडम्स उभा राहिला. सभागृहात स्वातंत्र्याची बाजू त्याच्याइतकी कुणी पेलली नाही, हे जेफरसनचंच मत.

मतदान झालं 2 जुलैला: बारा वसाहती बाजूनं, न्यूयॉर्क तटस्थ. दुसऱ्या दिवशी ॲडम्सनं बायकोला लिहिलं की 2 जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, तोफा आणि आतषबाजीनं साजरा करतील. तोफा आणि आतषबाजी बरोबर, तारीख दोन दिवसांनी चुकली: साजरा होतो तो 4 जुलै.

ॲबिगेलबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण पत्रं. दोघांची अकराशेहून अधिक पत्रं शिल्लक आहेत. तो मायन्यात तिला ‘जिवलग मित्र’ म्हणतो. तो फिलाडेल्फियात देश घडवत होता तेव्हा शेत, गडी, चार मुलं आणि हगवणीची साथ तिच्या गळ्यात. एका पत्रात बंकर हिलच्या लढाईची खबर, आणि त्याच सुमाराच्या पत्रात मागणी: टाचण्यांचं एक पुडकं घेऊन ये, इथे भाव साडेसात शिलिंगांवरून वीसवर गेलाय. युद्ध म्हणजे काय हे मला त्या टाचण्यांवरून जास्त कळतं.

31 मार्च 1776 च्या पत्रात ती म्हणते, नवे कायदे कराल त्यात बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. यावर त्याचं उत्तर? मला हसूच आलं! पुढे मखलाशी, की खरे मालक तुम्हीच, आम्ही नावाचे. घरोघरी मातीच्या चुली. सैनिकांसाठी पुरावा पुरावा करणारा वकील इथे मुद्द्याला उत्तरच देत नाही.

फ्रँकलिनबरोबर एका पलंगावर झोपल्याची गोष्ट?

खरी. सप्टेंबर 1776 मध्ये लॉर्ड हाऊ या इंग्रज आरमारप्रमुखाशी बोलणी करायला जाताना न्यू ब्रन्सविकच्या खाणावळीत दोघांना मिळून एकच छोटी खोली मिळाली. ॲडम्सनं थंडीच्या भीतीनं खिडकी लावली, फ्रँकलिन म्हणाला उघड, सर्दी गार हवेनं होत नाही, आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं आपला सिद्धान्त समजावायला घेतला. ऐकता ऐकता ॲडम्सला झोप लागली. बोलणी फिसकटली.

वकील म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम कोणतं?

माझ्या मते बॉस्टनचे खटले नव्हेत, मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना. 1779 च्या शरद ऋतूत, फ्रान्सहून परतून काही आठवडे झालेले असताना, मसुदा समितीनं काम त्याच्या एकट्याच्या गळ्यात टाकलं. हक्कांची सनद आधी, मग दोन सभागृहं, व्हेटो असलेला गव्हर्नर, स्वतंत्र न्यायसंस्था. ‘राज्य कायद्याचं असावं, माणसांचं नव्हे’ ही त्याची जुनीच आवडती ओळ त्यात आली. ती घटना खास प्रतिनिधिसभेनं केली, गावोगावच्या सभांनी मंजूर केली आणि ऑक्टोबर 1780 पासून दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. अमेरिकेची संघराज्याची घटना तिच्यानंतरची.

आणि शब्दांचं काय होतं बघा. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, अशा अर्थाचं वाक्य पहिल्याच कलमात होतं. दोन-तीन वर्षांत क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाच्या खटल्यांत ते वाक्य कोर्टापुढे आलं, आणि मुख्य न्यायाधीशानं सांगितलं की या घटनेशी गुलामगिरी विसंगत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी मोडली ती अशी.

त्याचे स्वतःचे गुलाम होते?

कधीच नव्हते. पण देशभरच्या गुलामगिरीविरुद्ध तो रणात उतरला, असंही नाही. दक्षिण फुटेल या धाकानं तो प्रश्न टाळत राहिला.

युरोपात दहा वर्षं काय करत होता?

मुख्य म्हणजे पैसे उभे करत होता. हॉलंडनं एप्रिल 1782 मध्ये मान्यता दिली आणि ॲमस्टरडॅमच्या सावकारांनी पन्नास लाख गिल्डर कर्ज दिलं, ते याच्या चिकाटीमुळे. 3 सप्टेंबर 1783 च्या पॅरिस तहावर फ्रँकलिन आणि जॉन जे यांच्याबरोबर त्याची सही आहे. तहात न्यू इंग्लंडच्या कोळ्यांचे हक्क त्यानं हट्टानं घालून घेतले.

अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टनला शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, आणि टिपूविरुद्ध हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या सोबतीला होत्या. जग लहान होतं.

राष्ट्राध्यक्ष म्हणून कसा?

फ्रान्सशी पूर्ण युद्ध टाळलं, स्वपक्षाचा रोष पत्करून. हे मोठंच. पण 1798 मध्ये त्यानं सिडिशन ॲक्टवर सही केली. सरकारवर टीका केली म्हणून संपादक आणि चक्क एक खासदार, मॅथ्यू लायन, तुरुंगात गेले. लायन तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला. राजद्रोहाचं कलम म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवणारच, त्यामुळे मला ही सही गिळता येत नाही. कायदा मी मागितला नव्हता, असं त्याचे समर्थक सांगतात. सही तर त्याची होती, आणि कागदावरच्या एका शब्दाची किंमत त्याला चांगली ठाऊक होती. 1800 ची निवडणूक तो जेफरसनकडून हरला आणि नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता पहाटे चारच्या घोडागाडीनं निघून गेला.

जेफरसन आणि तो एकाच दिवशी वारले?

हो. 4 जुलै 1826, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं. 1812 पासून दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला होता. ‘जेफरसन अजून आहे’ अशा अर्थाचे शेवटचे शब्द ॲडम्सच्या तोंडी सांगतात. जेफरसन काही तासांपूर्वीच गेला होता.

आज तिथे काय बघायला मिळतं?

क्विन्सीत बाप-लेकाची दोन्ही जन्मघरं शेजारी शेजारी उभी आहेत. ज्या घरात जॉन क्विन्सी जन्मला त्याच घरात पुढच्या खोलीत ॲडम्सचं ऑफिस होतं आणि घटनेचा मसुदाही तिथलाच. अशिलांची ये-जा घरातून नको म्हणून त्यानं त्या खोलीला बाहेरून वेगळं दार पाडून घेतलं. स्वयंपाकघर एका बाजूला, पक्षकार दुसऱ्या बाजूला. माझ्या घरालाही असंच दार आहे, आणि माझ्याही घरी लोक बेल मात्र मधल्या दाराचीच वाजवतात.